गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर लालसर, पट्ट्यापट्ट्यांचा गोटा सापडला. उजेडात धरला की आतून उजळतो. घरचे काच म्हणतात. नक्की काय असेल?

पट्टे स्पष्ट असतील तर बहुतेक अकीक, म्हणजे अ‍ॅगेट, सिलिकाचा पट्टेदार दगड. काच म्हणून टाकून देऊ नका. माझा असाच एक गोटा जवळजवळ गेला होता, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

आम्ही सोलापूरचे, समुद्राशी संबंध नाही. नववीत असताना घरचे सगळे कुडलला गेलो होतो, भीमा-सीनेच्या संगमावर. मोठी माणसं देवळात शके ९४० चा शिलालेख बघत होती, मी पाण्याकाठी गोटे चाळत बसले. त्यात हा सापडला. बोराएवढा, मधाच्या रंगाचा, आत कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या रेघा. दादानं तळहातावर तोलला आणि म्हणाला, "बाटलीची काच आहे. दगड असता तर जड लागला असता." वडील म्हणाले, "तो इंजिनिअरिंगला आहे, त्याला कळतं." विषय संपला. दुसऱ्या दिवशी आईनं तो केराच्या सुपलीतून उचलला आणि कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला, म्हणून राहिला.

त्या गोट्यापायीच मी बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलं. पहिल्याच प्रॅक्टिकलला तो सरांपुढे ठेवला. त्यांनी चाकूचं टोक ओढलं, करडी रेघ उमटली. बोटानं पुसली तर गेली. ती पोलादाची रेघ होती, म्हणजे चाकू झिजला, गोटा नाही. ओरखड्याला दगड किती दाद देत नाही ते मोजणाऱ्या एक ते दहाच्या मोह्ज मापनात काचेची कठीणता साडेपाचच्या आसपास, अकीकाची साडेसहा ते सात. आणि वजनाचं म्हणाल, तर साध्या काचेची घनता २.५, अकीकाची २.६. एवढ्याशा गोट्यात हा फरक कुणाच्याच हाताला कळत नाही. दादाचा मुद्दा मुळातच चूक होता. दर दिवाळीला तो अजून "तुझी ती काच" म्हणतो.

तुमच्याकडे पुळ्यात आणि माझ्याकडे कुडलात तोच दगड कसा? कारण सह्याद्रीचा आणि आमचा काळा पाषाण एकच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर साचत गेली, तेच हे पट्टे. लाल रंग लोहाचा. बाहेरचा पाषाण झिजून जातो, अकीक टिकतो.

गोटा ओला करून उन्हासमोर धरा. आत गोल बुडबुडे दिसले तर काच. मग एखाद्या जुन्या बाटलीवर दाबून ओढा आणि ओरखडा ओल्या बोटानं पुसा. खाच नखाला लागली तर गोटा काचेपेक्षा कठीण. मात्र स्फटिक (क्वार्ट्‌झ) आणि जास्पर हा अपारदर्शक दगडही काचेवर खाच पाडतात, तेव्हा पट्टे बघितल्याशिवाय अकीक ठरवू नका. किनाऱ्यावर घासलेली काचही पुष्कळ असते, हेही खरं. आणि अकीक निघाला तरी पैसे फार येणार नाहीत. अंगठीत घाला म्हणून कुणी हजारो मागितले तर देऊ नका.

घरात कुणी नुसता हातात घेऊन "काच" म्हणालं, तर तिथल्या तिथे बाटलीवर ओढून दाखवा. मी त्या दिवशी गप्प बसले, ते अजून सलतं.