डी अँड डीमध्ये बनवलेला दांडपट्टा ओव्हरपॉवर्ड आहे का?

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळासाठी तुम्ही बनवलेला पट्टा एकहाती, डी१० डॅमेज (दहा बाजूंचा फासा), फिनेस (ताकदीऐवजी चपळाई वापरता येते) आणि वर रीच (पाचऐवजी दहा फुटांची पोच). मित्र ओव्हरपॉवर्ड, म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान, म्हणतात ते बरोबरच आहे, फक्त दोष डी१०चा नाही.

२०१४च्या प्लेयर्स हँडबुकातली (खेळाच्या नियमपुस्तकातली) शस्त्रं दरपत्रकासारखी वाचा. रेपियर (सडपातळ तलवार) डी८, फिनेस. व्हिपला (चाबकाला) फिनेस आणि रीच दोन्ही, पण डॅमेज डी४. म्हणजे रीच हवा तर डॅमेजच्या सरासरीत साडेचारवरून अडीचवर या. ग्लेव्ह (लांब दांड्याचं पातं) डी१० आणि रीच देतं, पण दोन्ही हात अडकतात आणि फिनेस मिळत नाही. तुमच्या पट्ट्याला सगळंच फुकट.

आता हा पट्टा ‘रोग’ (Rogue) या चोरट्या, चपळ क्लासच्या पात्राच्या हातात द्या. पाचव्या लेव्हलला त्याचा स्नीक अटॅक (वारावरचं जादा डॅमेज) ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, सरासरी साडेदहा. त्यापुढे डी४ काय नि डी१० काय, फरक तीनचा. पण दहा फुटांवरून वार केला की पाच फूट पोच असलेल्या शत्रूपासून तो खुशाल मागे सरकतो, ऑपॉर्च्युनिटी अटॅकचा (मागे सरकताना शत्रूला मिळणाऱ्या फुकट वाराचा) प्रश्नच येत नाही. एरवी यासाठी तो कनिंग ॲक्शन (रोगची जादा चाल) वापरून डिसएंगेज करतो, म्हणजे वार न खाता निसटतो. ती चाल वाचली, मग दर टर्नला वार करून लपायला मोकळा! डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) डोक्याला ताप तो हा.

मी असतो तर रीच काढून डी८, स्लॅशिंग (कापणारा वार), फिनेस ठेवलं असतं. वर पट्ट्याची स्वतःची एक गोष्ट: हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत असतो, त्यामुळे पट्टा हातातून पाडता येत नाही. बदल्यात त्या हाताने कुलूप उघडणं, पोशन (जादूचं औषध) पिणं, सोमॅटिक (हातवारे लागणारे) मंत्र टाकणं बंद, आणि चढवायला-उतरवायला एक पूर्ण ॲक्शन. ही शेवटची अट सोडू नका, नाहीतर खेळाडू ‘काढला, प्यायलो, घातला’ म्हणून मोकळा होतो.

राहिलं गरगर फिरवून भोवतालच्या सगळ्यांना एकदम मारणं. पट्टा म्हटलं की सगळ्यांना तेच हवं असतं (मलाही). ते शस्त्रात घालू नका, शस्त्र काय, उद्या पार्टीतला बार्डही (गाणी-मंत्रवाला) उचलेल. फायटरचा (लढवय्या क्लासचा) सबक्लास, म्हणजे उपप्रकार, करून त्यात टाका, पण तिसऱ्या लेव्हलला नको. रेंजर क्लासच्या हंटर सबक्लासला व्हर्लविंड अटॅक (भोवतालच्या सगळ्यांवर एकदम वार) अकराव्याला मिळतो. फायटरच्या सबक्लासला दहाव्याला काहीतरी मिळतंच, तिथे शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) एकदा असं द्या. आणि दोन-तीन सेशननंतर आकडे बदलू शकतात, हे खेळाडूला आजच सांगून ठेवा.