जिराफाच्या मानेतला वळसा

प्रश्न : निसर्गातली रचना इतकी नेमकी असताना तिला रचनाकार नाही, असं ब्रिटिश उत्क्रांतिशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स कशाच्या बळावर म्हणतात?

उत्तर : प्राणिशास्त्राच्या वर्गात मी यावर जिराफाचं चित्र काढते. मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या डाव्या नसेला, म्हणजे मज्जातंतूला, खरं तर जवळच पोचायचं असतं. पण ती मान उतरून थेट छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. केवढा फेरा! माशांसारख्या पूर्वजांत ही वाट सरळ होती. पुढे मान लांबत गेली, नस तिथेच अडकून राहिली. कोऱ्या कागदावर आखणी करणारा असं करणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. धर्माविषयीची त्यांची भाषा बोचते, हे खरं. पण १९४१मध्ये नैरोबीत जन्मलेले डॉकिन्स अँग्लिकन वळणातच वाढले. डार्विनचा उत्क्रांतिवाद समजल्यावर, किशोरवयातच, त्यांनी श्रद्धा सोडली.