'रेतीचा रेणू' म्हणावं का?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय, अकरावीच्या पोरांना केमिस्ट्री मराठीतून समजावताना जायंट कोव्हॅलंट स्ट्रक्चरला (अणू एकमेकांना बांधून झालेल्या अखंड रचनेला) 'महारेणू' म्हटलं तर चालेल का, आणि 'रेतीचा रेणू एसआयओटू' (सिलिकॉन डायऑक्साइड) हे बरोबर का.

ताई, माझ्या मते दोन्ही टाळा. महारेणू हा शब्द प्रथिनं, पॉलिथीन यांच्यासाठी रुळलाय, तिथे साखळी कितीही लांब असली तरी कुठेतरी संपते आणि एक साखळी दुसरीपासून वेगळी असते. रेतीत तसं नाही. मिरामारच्या रेतीतला क्वार्ट्झचा एक पारदर्शक कण घ्या (शिंपल्याचा चुरा नको, तो कॅल्शियम कार्बोनेट), त्यात प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना बांधलेला, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना, आणि हे असंच तिन्ही दिशांनी कणाच्या कडेपर्यंत चालू राहतं. रापणीच्या जाळ्यात एक गाठ दाखवता येते पण 'हे इथपर्यंत एक जाळं' असं मध्येच म्हणता येत नाही, तसंच. अर्ध्या मिलिमीटरच्या कणात अणू किती, तर साधारण 1 वर 19 शून्यं! म्हणजे एसआयओटू हे रेणुसूत्र नाहीच, ते फक्त 1:2 हे प्रमाण सांगतं.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मात्र खरा रेणू, तीन अणू आणि संपलं. म्हणून ड्राय आइस, म्हणजे गोठलेला सीओटू, उणे 78 अंशालाच उडून जातो, कारण रेणू एकमेकांपासून सुटले की झालं, आतले बंध शाबूतच राहतात. क्वार्ट्झ वितळवायचा तर बंधच तोडावे लागतात, त्याला साधारण 1700 अंश सेल्सिअस लागतात. पोरं इथे 'रेणूंमधलं आकर्षण जास्त' असं लिहून येतात, आणि मला वाटतं त्याचं मूळ 'रेतीचा रेणू' ह्या बोलण्यातच आहे.

मी 'अखंड सहसंयुजी जाळी' म्हणेन (सहसंयुजी म्हणजे कोव्हॅलंट, इलेक्ट्रॉन वाटून घेणारे बंध). 'महाकाय' लावलं की पोरांना वस्तूच मोठी वाटते, पण हिऱ्याची बारीक पूडसुद्धा ह्याच प्रकारात येते. आणि कार्बन आहे म्हणून सरसकट जाळी असंही नाही, 1985 मध्ये सापडलेलं सी-60 हे मोजून साठ अणूंचं, त्याला बिनधास्त रेणू म्हणा. ग्राफाइटला जाळी म्हणताना 'थरातल्या थरात' हे शब्द मात्र गाळू नका, कारण तिथे सहसंयुजी बंध थराच्या आतच असतात, दोन थरांमध्ये नुसतं कमकुवत आकर्षण, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते.