शर्यत नसतानाचं धावणं

पुढची शर्यत ठरलेली नाही म्हणून बूट कपाटात टाकू नकोस. पाया घालायचा हाच काळ. पणजीत कांपालहून मिरामारपर्यंत, बोलता येईल इतकं संथ धाव. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी कर. आठवड्यातून एकदा आल्तिनो टेकडीची चढण घे. थोड्या महिन्यांनी तीच चढण कमी धापा टाकत चढशील, आणि तो आनंद मला तरी पदकाहून मोठा वाटतो. वाळूवर ओहोटीच्या वेळीच धाव, ओल्या घट्ट पट्ट्यावर. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून त्याच वाटेने परत ये, म्हणजे एकाच पायावर ताण येणार नाही. पावसाळ्यात मात्र लाटांपासून लांब राहा. सोबतीही शोध, फाटकाशी कोणी थांबलंय म्हटल्यावर अंथरूण सुटतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नकोस, एवढं ऐक माझं.