पुण्यात एमएच्या प्रबंधासाठी आंतरधर्मीय संबंधांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्नावलीत 'तुम्ही इतर धर्मांचा आदर करता का?' हा प्रश्न तर मुळीच नको. सगळे 'हो'च म्हणतात. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या 2021 च्या अहवालासाठी देशभरात जवळपास 30 हजार मुलाखती झाल्या. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा, असं 84 टक्के लोक म्हणाले. पण त्याच पाहणीत 36 टक्के हिंदूंना मुसलमान शेजारी नको होता! खरा विषय या फटीत आहे.

म्हणून घरभाड्याबद्दल विचारा. एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो की बजेट? सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय बोललं जातं? जेवणाच्या डब्यात काय चालतं? लोक तिथे मोकळे होतात.

जागा म्हणून कॅम्प उत्तम. डेव्हिड ससून यांनी बांधलेलं 1867 चं लाल देऊळ (म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, नावावर जाऊ नका), चर्च, मशीद, गुरुद्वारा, सगळं पायी फिरता येतं. धर्मशास्त्राच्या ग्रंथांसाठी नगर रोडच्या ज्ञानदीप या कॅथलिक शिक्षणसंस्थेत चौकशी करा. शांतता कमिटीच्या बैठकाही बघा, मात्र तिथले हारतुरे म्हणजे संवाद नव्हे. आणि गाइडला विचारून विषय एका पेठेपुरता आवळा, नाहीतर प्रबंध संपायचा नाही.