‘वाचन-गणित कच्चं आहे, मग आयटीआयला टाकू?’

दहावीचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे माझ्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येत राहतो. “मॅडम, पोराला अभ्यास झेपत नाही. वाचताना अडखळतो, गणिताची तर बोंबच आहे. आयटीआयला टाकलं तर निभावेल ना? तिथे काय, हातानेच काम करायचं असतं.”

आयटीआयला जाण्यात काहीच वावगं नाही. पण तिथे वाचन-गणित लागत नाही, या समजुतीवर निर्णय घेतला तर मुलगा दोन वर्षांत दुसऱ्यांदा नापास होतो, आणि त्या वेळी सावरणं फार जड जातं. म्हणून एका मुलाचं उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सोळा वर्षांचा. गणित आणि इंग्रजी राहिलेलं. आई-वडील दोघंही सोबत आले होते. आईने एका दमात सगळं सांगून टाकलं: शिकवणी लावली, मोबाइल काढून घेतला, पहाटे उठवून बसवलं, तरी डोक्यात काही शिरत नाही. वडील एवढंच म्हणाले, “घरातल्या इस्त्रीची, पंख्याची दुरुस्ती हाच करतो. वायरमन करू त्याला. पुस्तकाची कटकट तरी संपेल.” मुलगा मान खाली घालून बसला होता.

मग त्याच्याशी एकट्याशी बोलले. आधी पुस्तकाचा विषयच काढला नाही. इस्त्री कशी उघडतोस, विचारलं. त्याने इतकं नीट, क्रमाने सांगितलं की मला मध्ये काही विचारावंच लागलं नाही. त्यानंतर मी एक साधी सूचना लिहून पुढे केली: ‘वीजप्रवाह बंद केल्याशिवाय झाकण उघडू नये.’ त्याने वाचलं, “वीजप्रवाह बंद... करून... झाकण उघडू नये.” थोडा वेळ गोंधळला आणि म्हणाला, “म्हणजे झाकण उघडायचंच नाही का?”

‘केल्याशिवाय’ हा शब्द त्याने नीट पाहिलाच नव्हता. पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजाने भरायचं, जोडाक्षर आलं की उडी मारायची, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. मराठीच्या पेपरात तो पास झाला होता तो पाठ केलेल्या उत्तरांवर.

आकड्यांचंही तसंच. ०.७५ आणि १.५ यांत मोठं कोणतं? “०.७५. पंच्याहत्तर मोठे ना, पंधरापेक्षा.” नंतरच्या भेटीत मी त्याच मापांच्या वायरचे दोन तुकडे आणले आणि जाड कोणती ते विचारलं. बोटांत धरून त्याने क्षणात १.५ ची वायर पुढे केली. मग तिच्यावर छापलेला आकडा वाचायला लावला. तो दोन्ही तुकडे उलटसुलट करून बघत राहिला. “मग पॉइंटच्या आधी बघायचं असतं का?” असं त्याने स्वतःहून विचारलं. दशांश चिन्हाचा अर्थ त्याला आठ-दहा वर्षांच्या शाळेत कळला नव्हता, तो तिथे कळायला लागला.

पालकांना वाटतं हे आपल्याच घरात घडतंय. तसं नाही. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांतली, ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली होती. त्यांतल्या साधारण २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं ते फक्त ४३.३ टक्क्यांना. आणि कुठलं ना कुठलं व्यवसाय प्रशिक्षण घेत होती ५.६ टक्के. पहिले दोन आकडे वाचून वाईट वाटतं, तिसरा वाचून मला चीड येते. हात चालणाऱ्या मुलांना आपण वाटच दाखवत नाही, आणि दाखवतो ती ‘दुसरं काही जमत नाही म्हणून’ अशा सुरात.

या मुलाचं गाडं कुठे अडलं ते शोधायला फार वेळ लागला नाही. तिसरी-चौथीत घर बदललं, शाळा बदलली. जोडाक्षरांचा सराव आणि भागाकार नेमका त्याच काळात व्हायचा असतो. तो झालाच नाही, आणि वर्ग मात्र पुढे सरकत गेले. दहावीत लावलेली शिकवणी दहावीचंच पुस्तक घोटून घेत होती. चौथीतला धागा सुटलेल्या मुलाला बीजगणिताची वीस गणितं रोज सोडवायला लावण्याने काय होतं? तो फक्त स्वतःला मंद समजायला शिकतो. अशा शिकवण्यांवर पैसे घालवू नका, हे मी पालकांना स्पष्ट सांगते.

तरीही ‘पाया कच्चा’ म्हणून मोकळं होण्याआधी तपासण्या करून घ्यायच्या. आधी डोळे आणि कान. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीची तपासणी, तीही अधिकृत ठिकाणी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि आपलं राज्य मंडळ अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. प्रमाणपत्र मात्र परीक्षेच्या बरंच आधी हाती हवं. नववीत शंका आली तर दहावीच्या निकालापर्यंत थांबू नका. या मुलाच्या तपासणीत अक्षमता निघाली नाही. आईला तेव्हा रडू आलं. “म्हणजे याला येऊ शकतं?” येऊ शकतं, सोळाव्या वर्षीही.

मग वडिलांशी बोलले. वायरमनचा ट्रेड, म्हणजे आयटीआयतला अभ्यासक्रम, दोन वर्षांचा. प्रात्यक्षिकाबरोबर ट्रेड थिअरी असते, ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’ असतं, ड्रॉइंग असतं, आणि शेवटी थिअरीची परीक्षाही. प्रश्न नीट वाचता आला नाही तर हातातलं कसब तिथे उपयोगी पडत नाही. वडील गप्प झाले. त्यांना वाटत होतं मी आता नकोच म्हणणार. मी म्हटलं, “पाठवा त्याला. त्याचा कल खरा आहे. फक्त पुस्तक सुटलं असं समजू नका. आता कुठे ते त्याच्या कामाचं झालंय.”

आम्ही ठरवलं ते अगदी साधं होतं. रोज अर्धा तास, एवढंच. त्यात एक छोटा उतारा मोठ्याने वाचायचा, तोच पुन्हा वाचायचा, आणि मग आपल्या शब्दांत आईला सांगायचा. उतारे त्याच्या आवडीचे: उपकरणांची माहितीपत्रकं, सुरक्षिततेच्या सूचना. ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘किमान’, ‘कमाल’, ‘पर्यंत’ अशा शब्दांखाली रेघ मारायची, कारण सूचनेचा अर्थ तिथेच फिरतो. आईला एकच पथ्य: चुकला तर लगेच दुरुस्त करायचं नाही, वाक्य संपू द्यायचं.

गणितासाठी मापाची टेप. खोली मोजायची, स्विचपासून दिव्यापर्यंत वायर किती लागेल याचा आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं, मीटरचे सेंटीमीटर करायचे. भागाकार आला तो वॅट आणि व्होल्टवरून: वॅटला व्होल्टने भागलं की प्रवाह मिळतो. १५०० वॅटचं उपकरण, २३० व्होल्टचा दाब, तर प्रवाह किती? साधारण साडेसहा अँपिअर. पहिल्यांदा त्याचं उत्तर ६५ आलं. वही पुढे केली आणि स्वतःच मागे ओढून घेतली. “एवढा करंट कसा असेल?” चुकलेलं उत्तर पाहून मुलाला स्वतःलाच शंका येणं मला पाठ केलेल्या शंभर सूत्रांहून मोलाचं वाटतं.

काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही प्रवेश मिळतो, वायरमन त्यांपैकी एक. त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका मात्र स्वतः वाचून खात्री करायची. त्याचा प्रवेश झाला. निदेशकांना, म्हणजे आयटीआयतल्या शिक्षकांना, वाचनाची अडचण आधीच सांगून ठेवायची की नाही, यावर घरात वाद झाला. मुलाला लाज वाटत होती. शेवटी त्याने स्वतःच सांगितलं, आणि निदेशक थिअरीचा भाग त्याला आदल्या दिवशी दाखवून ठेवू लागले.

वडिलांचा शेवटचा प्रश्न होता, पुढे डिप्लोमा करता येईल का. दहावी उत्तीर्ण आणि दोन वर्षांचा आयटीआय, असं दोन्ही असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते. म्हणजे राहिलेले विषय सोडून चालणार नव्हतं. गणित त्याने पुढे पुरवणी परीक्षेत काढलं, काठावर. इंग्रजी अजून राहिलंय. त्याचा फॉर्म त्याने भरलाय, आणि सध्या रोजच्या अर्ध्या तासात उपकरणांची इंग्रजी माहितीपत्रकं आली आहेत.