वाचकांचे प्रश्न : सायप्रसचा पश्चिम किनारा कसा पाहावा?

प्रश्न : मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेतून इतिहासाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. पुढच्या वर्षी मी, माझे यजमान, मुलगी आणि नऊ वर्षांची नात असे चौघे भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर जाण्याचा विचार करीत आहोत. एका ट्रॅव्हल एजंटने ग्रीस, सायप्रस आणि माल्टा असा दहा दिवसांचा कार्यक्रम आखून दिला आहे. यजमानांचे गुडघे दुखतात, नातीला वाळूत खेळायचे आहे आणि मला जुने अवशेष सावकाश पाहायचे आहेत. हा कार्यक्रम घ्यावा का, आणि मे महिन्याच्या सुटीत जावे की दिवाळीत? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, हा कार्यक्रम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा दिवसांत तीन देश म्हणजे त्यातले तीन-चार दिवस सामान बांधण्यात आणि विमानतळावरच्या रांगांत जाणार, आणि आपल्याला जे सावकाश पाहायचे आहे ते बसच्या खिडकीतून मागे पडणार. आपण एकटा सायप्रस निवडावा, त्यातही पश्चिम किनाऱ्यावरच्या पाफोस या एकाच गावी सहा-सात रात्री मुक्काम करावा आणि परतीच्या आधीची एक रात्र लार्नाका या विमानतळाच्या शहरासाठी ठेवावी. सायप्रसवर १८७८ पासून १९६० पर्यंत ब्रिटिशांचा अंमल होता. त्यामुळे तेथे वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजीवर सगळे व्यवहार होतात. प्रथमच युरोपकडे निघालेल्या कुटुंबाला याचा मोठा आधार वाटतो.

पाफोसचे खरे वैभव पायाखाली आहे. १९६२ मध्ये बंदराजवळचे एक शेत सपाट करताना नांगराला रंगीत दगडांची फरशी लागली आणि त्यातून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा एक प्रशस्त रोमन वाडा उजेडात आला. त्याला आज डायोनिससचे, म्हणजे ग्रीकांच्या मद्यदेवतेचे, घर म्हणतात. नखाएवढ्या दगडी तुकड्यांची चित्रे जमिनीवर जडवलेली आहेत आणि ती वरून पाहता यावीत म्हणून छपराखाली लाकडी मार्गिका केल्या आहेत, त्यामुळे यजमानांनाही येथे फारसा त्रास होणार नाही. दोन चित्रांपाशी आपण अवश्य थांबावे. एकात इकारिओस नावाचा माणूस द्राक्षांची पहिली मदिरा घेऊन निघाला आहे आणि कडेला दोन मेंढपाळ ती पिऊन आडवे होण्याच्या बेतात आहेत. त्यांच्या शेजारी ग्रीक अक्षरांत ‘मद्य पिणारे पहिले’ असे लिहिलेले आहे. दुसऱ्यात डायोनिसस भारताची मोहीम जिंकून परतल्याची मिरवणूक आहे. त्याचा रथ बिबळे ओढत आहेत आणि मिरवणुकीत सावळ्या वर्णाची माणसे आहेत, ती भारतातील बंदिवान मानली जातात. आपल्या देशाविषयी दूरच्या माणसांनी काय कल्पना केल्या होत्या, हे त्या फरशीवर वाकून पाहताना मी बराच वेळ तेथून हललो नव्हतो. आपण वर्गात सातवाहनकाळातील रोमन व्यापार शिकवला असेल, तर आपणही हलणार नाही.

याच आवारात वॉर्सा विद्यापीठाच्या पोलिश संशोधकांनी १९६५ पासून उत्खनन केले आणि ग्रीक पुराणातील वीर थिसियस याचे घर म्हणून ओळखला जाणारा मोठा वाडा उजेडात आणला. पाफोसच्या या अवशेषांना १९८० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. गावाच्या उत्तरेला दोन-एक किलोमीटरवर ‘राजांची थडगी’ आहेत. नाव असे असले तरी तेथे राजे पुरलेले नाहीत, श्रीमंत आणि अधिकारी घराण्यांची माणसे पुरलेली आहेत. खडकात खाली उतरत कोरलेले चौक, त्यांभोवती त्याच खडकातले खांब आणि आतल्या भिंतींत मृतदेह ठेवायचे कोनाडे, अशी ही रचना आहे. येथे पायऱ्या झिजलेल्या आणि उंच आहेत. यजमानांनी वरूनच पाहावे आणि आपण नातीचा हात धरून एक-दोन चौकांत उतरावे. सकाळी दार उघडताच जावे. मी एकदा जुलैत भर दुपारी तेथे गेलो होतो. सोलापूरचे ऊन सोसलेल्याला ऊन काय करणार, असे मला वाटले होते, पण सावलीला एक झाड नाही, खालून खडक तापलेला आणि समोरून समुद्राची तिरीप, अशा स्थितीत अर्ध्या तासात परतावे लागले.

कुक्लिया हे गाव मात्र एजंटांच्या यादीत सहसा नसते, म्हणून मी त्याचा आग्रह धरतो. पाफोसच्या पूर्वेला असलेल्या या गावी अफ्रोडाइटी या ग्रीकांच्या प्रेमदेवतेचे प्राचीन काळी दूरवर प्रसिद्ध असलेले क्षेत्र होते, आणि इसवी सन ६९ मध्ये, पुढे रोमचा सम्राट झालेला टायटस येथे आला होता. त्या देवीची येथे मूर्ती नव्हती; शंकूच्या आकाराच्या, न घडवलेल्या काळसर शिळेची पूजा होत असे. तशी शिळा तेथल्या लहान संग्रहालयात ठेवली आहे. शेंदूर लावलेले तांदळे आणि स्वयंभू पाषाण पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या शिळेसमोर काही समजावून सांगावे लागत नाही.

आता ऋतूचा प्रश्न. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सोलापूर चाळिशीच्या पुढे तापलेले असताना, पाफोसची दुपार पंचविशीच्या आसपास असते आणि अवशेष पाहायला याहून चांगले दिवस नाहीत. पण समुद्र तोवर तापलेला नसतो आणि पाण्यात शिरताच मूल शहारते. ऑक्टोबरच्या अखेरीस उलट घडते. उन्हाळाभर साठलेली ऊब पाण्यात टिकून असते, गर्दी ओसरलेली असते आणि क्वचित एखादी सर येते. नातीची वाळू आणि आपले अवशेष दोन्ही साधायचे असल्यास मी दिवाळीची सुटी निवडेन. दिवाळी उशिरा, नोव्हेंबरात आली, तर शाळेची दोन दिवस रजा काढून थोडे आधी निघावे.

नातीसाठी कोरल बे हा उथळ, वाळूचा किनारा चांगला आहे. पाफोस बंदरावरून ६१५ क्रमांकाची बस थेट तेथे जाते आणि वाटेत राजांच्या थडग्यांपाशीही थांबते.

व्हिसाबाबत एक सावधगिरी. सायप्रस २००४ पासून युरोपीय संघात आहे, परंतु त्यानंतरही बरीच वर्षे तो शेंगेन व्यवस्थेबाहेर, म्हणजे अनेक युरोपीय देशांत एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या सोयीबाहेर राहिला. म्हणून कोणाच्या तोंडी आश्वासनावर तिकिटे काढू नयेत. नवी दिल्लीतील सायप्रसच्या उच्चायुक्तालयाचे चालू नियम स्वतः वाचावेत. बेट १९७४ पासून दुभंगलेले आहे आणि त्याच्या उत्तर भागावर सायप्रस सरकारचा ताबा नाही. आपण लार्नाका किंवा पाफोस याच विमानतळांवर उतरावे, कारण उत्तर भागातील विमानतळावरून झालेला प्रवेश सायप्रस सरकार बेकायदा मानते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. चटणी-भाकरी बांधून किती दिवस पुरणार? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : शेंगाचटणी आणि कडक भाकरी जरूर न्या, मात्र त्यावर सगळा प्रवास काढण्याची वेळ येणार नाही. तेथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वी दीर्घ उपवास असतो आणि त्यात मांस, अंडी, दूधदुभते वर्ज्य असते. या उपवासाच्या पदार्थांना ‘नीस्तीसिमा’ म्हणतात. हा एक शब्द पाठ करून जावे. मात्र या उपवासात कालवे-झिंग्यांसारखे जलचर चालतात, एवढे विचारून घ्यावे. चवळी आणि पालेभाजी एकत्र शिजवून वर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू घातलेली ‘लुव्ही’ आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. हलुमी हे तव्यावर भाजले तरी न वितळणारे चीज बहुतेक ठिकाणी मिळते. ते जमवण्यासाठी प्राणिज विरजण वापरलेले असू शकते, हे कडक नियम पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : वेळासला आम्ही कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहिली. सायप्रसलाही कासवे येतात असे ऐकले. मुलांना ती दिसतील का? — एक वाचक, सात रस्ता

उत्तर : कासवे येतात, पण हंगाम वेगळा आहे. आपल्याकडे मादी हिवाळ्यात अंडी घालते आणि पिल्ले मार्चच्या सुमारास निघतात. सायप्रसला हिरवी कासवे आणि लॉगरहेड कासवे जून ते ऑगस्टच्या रात्रींत किनाऱ्यावर चढतात आणि पिल्ले सप्टेंबरपर्यंत बाहेर पडतात. अकामास द्वीपकल्पावरील लारा या किनाऱ्यावर १९७८ पासून त्यांच्या संरक्षणाचे काम चालू आहे. मे महिन्यात किंवा दिवाळीत गेल्यास पिल्ले दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगावे. त्या दिवसांतही लारा पाहण्यासारखा आहे, कारण तेथे हॉटेल नाही, दुकान नाही, केवळ मातीची वाट, झुडपे आणि वाळू आहे. वाट खडबडीत असल्यामुळे साध्या भाड्याच्या गाडीने जाऊ नये.

हंगामात गेलात, तर वाळूवर जाळीचे पिंजरे दिसतील. कोल्ह्यांनी अंडी उकरू नयेत म्हणून ते घरट्यांवर ठेवलेले असतात. त्यांच्याजवळ छत्री रोवू नये आणि वाळूत खड्डाही खणू नये. अंधार पडण्यापूर्वी किनारा सोडावा, कारण अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यावरच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने चालते आणि मागे पेटलेल्या एका मोबाईलच्या उजेडानेही त्याची दिशा चुकते.

आणखी एक गोष्ट मुलांना दाखवावी. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, त्यामुळे गुहागरला दिसते तशी ओल्या वाळूची रुंद पट्टी तेथे मिळत नाही. काही ठिकाणी काठावर तपकिरी पात्यांचे ढीग साचलेले दिसतात. तो कचरा नसून पोसिडोनिया नावाचे समुद्रगवत आहे, आणि लाटांच्या माऱ्यापासून ते वाळू धरून ठेवते. आणि नोव्हेंबरनंतर गेलात, तर लार्नाकाच्या विमानतळालगतच्या खाऱ्या तळ्यावर सकाळी दुर्बीण घेऊन जा. उजनीच्या फुगवट्यावर येणाऱ्या रोहितांचीच (फ्लेमिंगोंची) जातकुळी तेथे हिवाळ्याला उतरलेली असते, आणि उजनी पाहिलेली सोलापूरची मुले ती लांबूनच ओळखतील.